न उगवलेला मूग

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे हातात पेन्सिल आली ती वाण्याची यादी करण्यापुरती. ही वही रेखाची दहावीची आहे, मागची पानं कोरी होती म्हणून घेतली. कुणाला दाखवायची नाही, पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवणार आहे. पण आमच्या डोंगराकडची एखादी बाई उद्या अशीच लेकीला घेऊन निघाली, तर कुठे उतरावं, डॉक्टर काय विचारतात, हे तिला कळावं. मला कुणी सांगितलं नव्हतं. बोलून सांगणं मला जमत नाही, लिहिणं थोडं जमतं.

आम्ही साक्री तालुक्यातले. बोलतो अहिराणी, पण लिहायला मला शाळेतलीच भाषा येते. माणसं बोलली तसं कुठे कुठे लिहीन.

रेखा माझी थोरली. त्या वेळी एकोणीस वर्षांची होती. क्रॉसिंगच्या कामात तिच्या बोटांना तोड नव्हती. संकरित बियाण्यासाठी लावलेल्या कपाशीत दुपारी मादीच्या कळीतले पिवळे तुरे काढायचे, कळीवर लाल कागद लावायचा आणि सकाळी तिथे नराचं फूल फिरवायचं, असं ते काम. बाकीच्या बायका एक ओळ संपवतात तोवर रेखाच्या दोन व्हायच्या, आणि एकही कळी तुटायची नाही.

दिवाळीनंतर तिचा साखरपुडा झाला. मुलगा शेजारच्याच गावचा, शेतकरी घरातला. जेवणाच्या पंगती चालू होत्या. मुलाच्या आईने मला चुलीपाशी बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "पोर शहाणी व्हई गयी ना?"

मी मान हलवली.

रेखा शहाणी झालेली नव्हती. तिला पाळी आली नव्हती आणि अंगही भरलं नव्हतं, बारा वर्षांच्या पोरीसारखंच राहिलं होतं. मला ते ठाऊक होतं. पण भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, नाही हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. तोंड उघडायचं टाळायला मी सगळीकडे मानच हलवते. तशी तिथेही हलवली.

रेखाच्या वडिलांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वैशाखमां लगीन व्हई गयं का बठ्ठं ठीक व्हई जाई." बठ्ठं म्हणजे सगळं. पण तिच्या दोन्ही जांघांत गाठी होत्या, ओझं उचललं की दुखायच्या. अंतर्गळ असेल म्हणून आम्ही तिला धुळ्याला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी केली, पुन्हा केली, मग रक्त काढून पुण्याला पाठवलं. महिन्याने बोलावलं. तिथून आमचा प्रवास सुरू झाला. साल एक्याण्णव, पौष महिना.

धुळे

डॉक्टरांनी बंद पाकीट हातात दिलं. म्हणाले, "जळगावला एक बाई आहेत, ग्रंथींच्या डॉक्टर. त्यांनाच दाखवा. मी अर्धवट सांगणार नाही." पाकिटावर चिकटपट्टी होती. रेखाने ते उन्हाकडे धरून पाहिलं.

"इंग्रजी शे," ती म्हणाली.

स्टँडवर शेवभाजी खाल्ली. आमच्याकडे पाहुणा आला तरच शेव आणतात, इथे हमालसुद्धा रोज खातो. मला तिखटाने ठसका लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याचं कारण कुणी विचारणार नव्हतं, तेवढं बरं वाटलं. गडबडीत भाकरीचं फडकं बाकड्यावरच राहिलं. गाडी सुटल्यावर आठवलं. नागलीच्या सहा भाकरी होत्या. पुढे सतरा दिवस नागली मिळाली नाही.

भुसावळ

माझी मावसबहीण अक्का भुसावळला रेल्वेच्या चाळीत राहते. मेहुणे गाड्यांच्या कारखान्यात. तिथून जळगाव पॅसेंजरने अर्ध्या तासावर, म्हणून आम्ही तिच्याकडे उतरलो.

"व माय सुमन! इतली वाळी गयी?" अक्का दारातूनच ओरडली. "नी ही नवरी! बैठ बैठ. नवरदेवनं नाव सांगशी तेव्हाच चहा भेटी."

रेखा हसली. नाव नाही सांगितलं. अक्काने तरी चहा दिला.

त्या चाळीत सगळा देश आहे. डावीकडे मद्रासी, उजवीकडे नागपूरकडचे, समोर बिहारी. नळाला पाणी ठरल्या वेळी येतं आणि हंडे आदल्या रात्रीपासून रांगेत उभे असतात. दर हंड्याला ओळखीसाठी वेगळ्या रंगाची चिंधी. आमच्या गावात दार लोटून शेतात जातात, इथे समोरच्या घरात जायचं तरी कुलूप. अक्काने पहिल्या दिवशी वांग्याचं भरीत केलं. वांगी हिरवी, लांब, हातभर. काट्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचतात, वर कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर. आमचं भरीत मी आता कुणाला सांगायची नाही.

अक्काला मी सांगितलं होतं की रेखाला अंतर्गळ आहे. ते खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं.

जळगाव

डॉक्टरीण बाई माझ्याहून लहान असाव्यात. सुती साडी, हातात घड्याळ, बांगड्या नाहीत. पाकीट वाचल्यावर त्यांनी रेखाला बाहेर बसवलं नाही. तिच्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या शरीराबद्दल आहे, तर तूही ऐक. पण आधी एक तपासणी करू. तीन दिवस रोज एक इंजेक्शन, आधी रक्त आणि नंतर रक्त. त्याशिवाय मी काही बोलणार नाही."

तीन दिवस आम्ही सकाळच्या पॅसेंजरने गेलो. फळवाले डब्यात केळ्यांच्या पाट्या घेऊन चढत. एका बाईने रेखाला दोन केळी दिली आणि पैसे घेतले नाहीत. "आमच्याकडे केळ्याचे पैसे पाहुण्याकडून घेत नाहीत," म्हणाली. आमच्याकडे आंब्याचं तसं आहे.

त्यातच संक्रांत आली. समोरच्या घरी हळदीकुंकू होतं. अक्का रेखालाही घेऊन गेली. बायकांनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "पुढल्या संक्रांतीला तू वाण लुटशील, आम्हाला बोलव." घरी आल्यावर अक्काने पेटी उघडून काळी साडी दाखवली, बारीक चांदण्यांची. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसतात, तिने आताच घेऊन ठेवली होती. रेखाने साडीवरून हात फिरवला, नीट घडी घातली आणि पेटीत परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीत तिच्या पाठीवर पाणी घालत होते. ती तोंड फिरवून म्हणाली, "माय, मी काय शे?"

मी तांब्या भरत राहिले. तिने पुन्हा विचारलं नाही.

रक्ताचे आकडे आले त्या दिवशी बाईंनी आम्हाला शेवटी बोलावलं, म्हणजे मागे कुणी ताटकळणार नाही. गोळ्यांच्या रिकाम्या खोक्याच्या पाठीवर त्यांनी चित्र काढलं. त्या जे बोलल्या ते मी समजले तसं लिहिते.

पोटातली सगळी बाळं पहिले काही आठवडे सारखीच असतात. पुढे कुणाच्या पोटात बीजकोश होतो, कुणाच्या अंडकोष. रेखाच्या पोटात अंडकोष झाले. त्यात बारीक बारीक नळ्या असतात. नळ्यांच्या आतल्या पेशी एक रस सोडतात, त्याने गर्भपिशवी होत नाही. तेवढं काम रेखाच्या शरीरात झालं. पण नळ्यांच्या मधल्या जागेत दुसऱ्या पेशी वाढाव्या लागतात. आठवा-नववा आठवडा लागला की त्या रस सोडायला लागतात, आणि त्या रसाने बाहेरून मुलगा घडतो. रेखाच्या त्या मधल्या पेशी वाढल्याच नाहीत. इंजेक्शन त्यांनाच हाक मारण्यासाठी होतं. तीन दिवस हाक मारली, रक्तात काही आलं नाही. म्हणून बाहेरून ती मुलगी झाली, मुलगी म्हणून वाढली. जांघेतल्या गाठी म्हणजे तेच अंडकोष. पाळी कधी येणार नाही. मूल होणार नाही.

रेखा खोक्यावरच्या चित्राकडे बघत होती.

मी विचारलं, "माझ्याकडून काय चुकलं? त्या महिन्यात मी कच्ची पपई खाल्ली होती. विहिरीवर पडले होते."

"काही चुकलं नाही. तेव्हा बाळ बोराएवढं होतं. तुम्हाला दिवस राहिलेत हे तुम्ही कुणाला सांगितलं तरी होतं का?"

नव्हतं सांगितलं. सासूबाईंना सांगायची लाज वाटत होती. मी एकटीच निंदणीला जात होते, आणि पोटात तेव्हाच हे ठरून गेलं होतं.

मग माझ्या तोंडून कसं कोण जाणे निघालं. "म्हणजे कपाशीच्या दोन ओळींमध्ये आम्ही मूग टाकतो, तसं. ओळी सरळ उगवल्या. मधला मूग उगवलाच नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अगदी तसंच," त्या म्हणाल्या. "मी हे शिकवताना वीस वाक्यं बोलते."

रेखाने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "मग मी मुलगा आहे का?"

"तुला काय वाटतं?"

"मी रेखा आहे."

"मग झालं," बाई म्हणाल्या. "पुण्याला पाठवलेलं रक्त एक सांगतं, शरीर दुसरं सांगतं. पण राहतेस तू. गोळ्या देईन, अंग भरेल, हाडं मजबूत राहतील. या गाठी आत ठेवल्या तर पुढे त्यांचा रोग होऊ शकतो, म्हणून काढू." आणि माझ्याकडे वळून, "लग्न ठरलंय म्हणालात. त्या घरी अंधारात ठेवून तिला पाठवू नका. बोलणी तिलाच खावी लागतील."

मी मान हलवली. बाहेर आल्यावर कळलं, पुन्हा मानच हलवली होती.

ऑपरेशनचा दिवस

सहीसाठी रेखाचे वडील आले. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते की नाही, मला कळत नव्हतं. शेवटी विचारलं, "मंग ती पोऱ्या शे का?"

"नाही. मुलगीच आहे, तुम्ही वाढवलेली."

ते जिन्यात जाऊन बसले. बऱ्याच वेळाने आत आले, पिशवीतून केळं काढलं, सोलून रेखापुढे धरलं. नर्स ओरडली, ऑपरेशनआधी खायचं नाही. ते सोललेलं केळं हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग खिडकीत ठेवलं. संध्याकाळी ते काळं पडलेलं मी टाकून दिलं.

दुपारी नर्सने माझ्या हातात काचेची बाटली दिली, सोबत एक कागद. गाठी तपासायला द्यायच्या होत्या. तपासणीचं दुकान पलीकडच्या रस्त्याला, आणि बाटली घरच्या माणसाने न्यायची अशी पद्धत. रेखाचे वडील तिच्या खाटेजवळून हलत नव्हते. मी निघाले.

बाटलीत डोळ्यांना झोंबणारं पाणी होतं आणि तळाला दोन गाठी, भिजवलेल्या वालाहून थोड्या मोठ्या. मी बाटली पदराखाली धरली. रस्त्यात कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, उसाचा रस विकणारा घंटी वाजवत होता, आणि मी पावलं मोजत चालले होते, पडू नये म्हणून. एकोणीस वर्षांपूर्वी मी हेच पोटात घेऊन निंदणीला चालले होते. तेव्हाही कुणाला माहीत नव्हतं.

दुकानात पाच-सहा माणसं बाकावर बसली होती. काउंटरवरच्या माणसाने कागद वाचला, बाटली पाहिली, पुन्हा कागद वाचला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मोठ्याने म्हणाला, "अहो बाई, दवाखान्यात घोळ केलाय. नाव रेखा, पुढे स्त्री लिहिलंय, आणि पाठवलेत अंडकोष! कोणा पेशंटची बाटली घेऊन आलात?"

बाकावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकजण हसला. काउंटरवरच्या माणसाने पेन काढून 'स्त्री' या शब्दावर टेकवलं, खोडायला.

नुसती मान हलवली असती तरी माझी सुटका होती. घोळ झाला म्हणून त्यानेच दुरुस्त केलं असतं, मी दवाखान्यात परतले असते.

मी त्याच्या हाताखालून कागद ओढून घेतला.

"घोळ नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "ती माझी मुलगी आहे. आणि हे तिचंच आहे. दोन्ही खरं आहे. खोडू नका."

त्याने पेन खिशाला लावलं. "बरं ताई," म्हणाला, "बसा." बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, नाव लिहिलं. रेखा, स्त्री. मी बसले नाही. बाहेर येऊन रसवाल्याच्या बाकड्याला धरून उभी राहिले. त्याने न विचारता पाणी दिलं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. नळ्या आहेत, मधल्या पेशी दिसत नाहीत. बाईंनी जे सांगितलं तेच.

परत

निघताना अक्काला मी सगळं सांगितलं. ती ऐकून उठली. मग पेटी उघडून काळी साडी रेखाच्या पिशवीत कोंबली. "नेस वं पोरी. थंडीमां काळा रंग ऊब देस. त्याले नवरा कशाले लागस?" आणि आत जाऊन भांडी घासत राहिली.

धुळ्याला साक्रीची गाडी हुकली. स्टँडच्या मागे बाभळीखाली बसलो. रेखाचे वडील दुसऱ्या गाडीची चौकशी करायला गेले होते. मी बाभळीची काडी घेतली आणि मातीत ओळी ओढल्या. सरळ, जवळजवळ. मधली जागा कोरी ठेवली.

"तू मोरीत विचारलं होतंस," मी म्हणाले. "तू मनी पोर शे, माझी पोर. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

रेखाने बराच वेळ त्या ओळी पाहिल्या. "मूग नही उना त कपाशी उपटी फेकतस का?" ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. सतरा दिवसांत पहिल्यांदा. कुणाच्या तरी बकऱ्या आल्या आणि ओळींवरून चालत गेल्या.

लग्न मोडल्याचा निरोप मध्यस्थाकडून गेला. पोर आजारी आहे, एवढाच. ते खरं सांगायला मी जायला हवं होतं, गेले नाही. साखरपुड्यात त्यांनी दिलेली साडी आणि पैंजण आम्ही लगेच परत केले. साखरपुड्याचा खर्च त्यांनी मागितला, पंचांनी तो आमच्यावर ठेवला. रेखा म्हणाली, "मी फेडसू. त्या घरचं माझ्या अंगावर काही नको." दोन हंगाम तिने क्रॉसिंगचं काम केलं. गोळ्यांनी तिचं अंग थोडं भरलं होतं. बायका विचारायच्या, "आता कधी वं लगीन?" ती लाल कागद लावत पुढच्या कळीकडे जायची.

शेवटचा हप्ता द्यायला आम्ही दोघीच गेलो. थंडी होती, रेखा काळी साडी नेसली होती. त्या मुलाचं लग्न होऊन गेलं होतं, ओसरीवर पाळणा टांगलेला होता. मुलाच्या आईने पैसे घेतले, मोजले, पदरात बांधले. मग मला चुलीपाशी नेलं. आमच्याकडे हे सगळं चुलीपाशीच विचारतात.

"आते त सांग. पोरमां काय खोट व्हती?"

"पोरमां काही खोट नव्हती," मी म्हणाले. "खोटं मी सांगितलं. त्या दिवशी तुम्ही विचारलं, पोर शहाणी झाली का. झालेली नव्हती. होणारही नव्हती. मी मान हलवली."

मला वाटलं, आता ओरडेल, शेजार गोळा करेल. बाहेर पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. सून कुठे शेतात असावी. दोरीचा करकर आवाज आला आणि रडणं थांबलं. आम्ही दोघींनी दारातून पाहिलं. रेखा उभ्या उभ्या एका हाताने दोरी ओढत होती आणि दुसरीकडे कुठेतरी बघत होती.

मुलाच्या आईने पदराची गाठ चाचपली. आवाज खाली आला होता.

"बठ्ठा पैसा फिटी गयात ना वं, सुमन?"

मान हलणार होती. मी ती धरून ठेवली.

"हो," मी म्हणाले. "बठ्ठा फिटी गयात."